देल्माची राखण

१२ मे

नोकरीची सगळी वर्षं पुलावरच्या कस्टम नाक्यावर काढली. नदीपलीकडून, अर्जेंटिनातून, येणाऱ्यांच्या पिशव्या उघडायच्या, पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालायचा, बाईने अंबाड्यात काय लपवलंय ते तिच्या मानेवरून ओळखायचं. निवृत्त झाल्यावर घर खायला उठलं म्हणून दवाखान्यात सोबत पुरवणाऱ्या कंपनीत नाव घातलं. ज्यांच्याजवळ बसायला घरचं कोणी नाही, त्यांच्याजवळ दुपारभर बसायचं. आधीच्या दोन्ही म्हाताऱ्या झोपूनच असायच्या. आज ऑफिसातली मुलगी, वयाचा मान ठेवून 'दोन्या' म्हणणारी, म्हणाली, दोन्या ओलिंदा, ही केस फक्त तुम्हालाच जमेल.

केस म्हणजे देल्मा. चौतिशीची, काडीसारखी, केस कानापर्यंत कापलेले. ती वस्तू गिळते. आरडाओरडा करून नाही, अगदी शांतपणे, गोळी घ्यावी तशी. केसांच्या पिना, पेनाचं टोपण, घड्याळाचा सेल. डॉक्टर भूल देऊन घशातून दुर्बीण घालतात, वस्तू काढतात, घरी पाठवतात आणि थोड्या दिवसांनी ही पुन्हा दारात. या वेळी त्यांनी तिला ठेवूनच घेतलंय. खोलीत खाट, माझी खुर्ची आणि एक खिडकी. तिच्या सदऱ्याला बटणंसुद्धा नाहीत, नाड्या आहेत.

रुग्णाबद्दल बाहेर बोलायचं नाही असा कंपनीचा नियम. घरी ऐकायला कोणी नाहीच. म्हणून ही वही.

नर्स इल्दाचं म्हणणं, ही लक्ष वेधायला गिळते. असेल. पण गिळायला वस्तू लागते, आणि या खोलीत मला तरी एकही सापडली नाही. म्हणजे आणून देणारं कोणीतरी आहे.

१४ मे

गादीची शिवण तपासली. खिडकीची कडी हलवून पाहिली. उशीच्या अभ्र्याला चेन होती, ती कोणाच्याच लक्षात आली नव्हती. अभ्रा बदलायला लावला. इल्दा म्हणाली, तुम्ही आमच्याकडे आधीच यायला हवं होतं. बरं वाटलं, पण ही इल्दा गोड फार बोलते.

देल्मा माझ्याकडे बघत होती. मग विचारलं, "तुम्ही रोज येणार का?"

बुधवार सोडून रोज, मी म्हणाले. तिने मान हलवली. तिला पाळ्या माहीत करून घ्यायच्यात. पुलावरचे अट्टल लोकही आधी हेच विचारायचे, आज कोण आहे नाक्यावर.

१९ मे

आज तिचा भाऊ आला. विल्मार. ट्रक चालवतो, इथली संत्री राजधानीला, मोंतेविदेओला, नेतो. ट्रकवाला म्हटल्यावर मी खुर्चीतून उठलेच. ट्रकच्या सीटखाली, टायरमध्ये, देवीच्या तसबिरीमागे काय काय असतं ते मला कोणी सांगायला नको.

पिशवीत संत्री होती. प्रत्येक संत्रं दाबून पाहिलं. खिसे उलटे करायला लावले. किल्ल्या बाहेर ठेवून घेतल्या. तो हसत होता. म्हणाला, "बाई, पुलावर एकदा तुम्ही माझ्या सँडविचमधलं चीजसुद्धा उचकटून बघितलं होतं."

मला आठवत नाही. पण माझी ओळख काढून मला सैल करायचा प्रयत्न मी ओळखते.

बहिणीला 'जाडे' म्हणतो. ती आहे काडी. लहानपणापासूनचं असावं. तिला सांगत होता, आईच्या घराचं छप्पर दुरुस्त केलं, आता गळत नाही. डॉक्टर म्हणतात पुढच्या आठवड्यात सोडतील. शेजारीण दोन दिवसांआड डोकावेल. मी काय, महिन्यातून दोनदा येतोच. देल्मा हसली, "छान झालं," म्हणाली. संत्र्याच्या दोन फोडी खाल्ल्या आणि उरलेलं मला दिलं.

मी ते खाल्लं नाही. फोड न् फोड दाबून पाहिली आणि टाकून दिलं.

२० मे

गिळलं.

सकाळच्या पाळीत. इल्दाच्या ओळखपत्राची चिमटी. इल्दा म्हणते, कधी काढून घेतली कळलंच नाही. डॉक्टर बिदेगाइननी दुर्बिणीने काढली. हे आमचे पोटाचे डॉक्टर, उंच, वाकलेले, सदा दमलेले. बाहेर येऊन हातमोजे काढत म्हणाले की मी हिचा घसा माझ्या घराच्या जिन्यापेक्षा जास्त वेळा उतरलोय. कोणी हसलं नाही.

मनाच्या डॉक्टर वेगळ्या आहेत, फेरेइरा म्हणून, माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना बजावलं. तिच्यावर ओरडायचं नाही, शिक्षा म्हणून जेवण रोखायचं नाही, आणि गिळलं म्हणून एकदम भोवती गोळाही व्हायचं नाही. आवाज रोजचा ठेवायचा. मला हे लाड वाटतात. माणूस चोरी करतो आणि आपण हवापाण्याच्या गप्पा मारायच्या.

आणि चिमटी इल्दाची होती हे खरं धरलं, तरी काल भाऊ आला आणि आज हिने गिळलं, हेही खरंच.

२७ मे

आम्ही पत्ते खेळतो. पत्ते पुठ्ठ्याचे, ते चालतात. देल्मा फसवून खेळते आणि पकडलं की तोंड लपवते. आज सलग हरले. ती म्हणाली, "तुम्ही माझ्या हातांकडे बघता. पत्त्यांकडे बघा."

डिस्चार्ज पुढे ढकललाय. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

३ जून

विल्मार पुन्हा आला. आज झडती आणखी कडक. बूट काढायला लावले. मोज्याला भोक होतं आणि तो लाजला. आज हसला नाही.

घराला रंग दिलाय म्हणे, आतून पिवळा. आईची खोली मोकळी केली, खाट काढून टाकली. "तुला ऐसपैस होईल, जाडे. एकटीचं राज्य." देल्माने त्याच्या हातावर हात ठेवला. रंग कुठला, किती डबे लागले, असलं विचारत बसली. मला त्यांच्या बोलण्यात काही खूण असावी असा संशय आला. पिवळा म्हणजे काय, छप्पर म्हणजे काय. पुलावर 'आजी बरी आहे' म्हणजे सिगारेटी आल्या असा अर्थ व्हायचा.

ती पोहोचवायला दारापर्यंत गेली. मी मध्ये उभी राहिले. मिठीसुद्धा माझ्या नजरेखाली.

४ जून

मी म्हणतच होते. या वेळी नळाच्या चकतीतला स्क्रू. पोटात उतरला होता. बिदेगाइन म्हणाले, बोथट आहे, आपोआप जाईल, लक्ष ठेवू.

संडासाचा नळ मी तपासला नव्हता हे खरं. पण स्क्रू बोटांनी निघत नाही. त्याला काहीतरी लागतं, आणि ते काहीतरी कोणीतरी दिलं. दोन भेटी आणि दोन्ही भेटींच्या दुसऱ्या दिवशी. मी फेरेइरांना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, भेटीनंतर होतं हे माझ्याही लक्षात आलंय, पण म्हणून तो आणतो असं नाही. मी म्हटलं, मग दुसरं काय? त्या म्हणाल्या, ते तिलाच विचारायला हवं, आणि तिने सांगेपर्यंत थांबायला हवं. मी थांबले नाही. इस्पितळाच्या व्यवस्थापकाकडे गेले. विल्मारच्या भेटी बंद झाल्या.

७ जून

स्क्रूचं कळून विल्मार मधेच आला होता, त्याला दारातच अडवलं. माझ्यासमोर. पिशवी हातात, तोंड उतरलेलं. त्याने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडणाऱ्यांची सवय आहे. तो एवढंच म्हणाला, "माझ्याशिवाय तिला कोण आहे, तेवढं सांगा मला."

मी म्हटलं, आम्ही आहोत.

संत्री दारातच ठेवून गेला. इल्दाने वाटून टाकली.

११ जून

देल्मा तीन दिवस गप्प होती. आज पत्ते पिसता पिसता आपणहून बोलली. त्या घरात आई होती. आईला काही आठवायचं नाही, देल्माचं नावसुद्धा नाही, पण देल्मा खोलीबाहेर गेली की ओरडायची. भाऊ ट्रकवर. देल्माने बालवाडीतली नोकरी सोडली आणि आईजवळ बसून राहिली, वर्षानुवर्षं. "आई गेली तेव्हा सगळे म्हणाले, सुटलीस. घरात इतकं शांत झालं की मला माझं गिळणं ऐकू यायचं. पाणी पिताना, थुंकी गिळताना. मग एक दिवस पिन गिळली. ॲम्ब्युलन्समध्ये दोघेजण सारखे माझ्याशी बोलत होते."

मी पत्ते वाटले. दया वाटावी म्हणून लोक काय काय सांगतात ते मी ऐकलेलं आहे. खरं असेलही. पण आता, भाऊ बंद झाल्यावर, हे मला का सांगितलं असेल?

घरी येऊन रेडिओ लावला, उगीचच. बंद केला तेव्हा बराच वेळ पाणी प्याले नाही.

१७ जून

भाऊ बंद झाल्यापासून एकही वस्तू नाही. माझंच बरोबर होतं. व्यवस्थापक खूश, ऑफिस खूश. शुक्रवारी माझी इथली नेमणूक संपते, कारण देल्माला सोमवारी घरी सोडायचं ठरवलंय. फेरेइरांना ते पसंत नाही, पण खाटा कमी आहेत.

तिला मीच सांगितलं. म्हटलं, बघ, सुधारलीस. आता घरी.

"आणि तुम्ही?"

"मला दुसरा पेशंट देतील."

"छान झालं," ती म्हणाली.

नंतर पत्ते नको म्हणाली. खिडकीतून बघत बसली. ऊन मस्त होतं, जूनच्या हिवाळ्यातलं, माझ्या पाठीवर. खुर्चीतच जरा डोळा लागला. जरासाच. दार बंद होतं, कोणी आलं नाही, गेलं नाही.

१८ जून

चष्म्याची उजवी काडी गेली. काल डोळे चुरचुरले म्हणून चष्मा काढून पिशवीत टाकला होता, घरी पाहिलं तर एकच काडी. स्क्रू कधीचा ढिला होता. बसमध्ये शाळेच्या मुलाचं कोपर पिशवीला लागलं होतं, तिथेच पडली असणार. ड्रायव्हरला विचारलं तर खांदे उडवले. आता एका काडीवर चष्मा सांभाळत बसलेय, मान वाकडी करून. नवीन काडी कुठे मिळणार या मॉडेलची.

देल्मा जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली. घरी जायचं नाही म्हणून सोंग. मी इल्दाला तसं सांगितलं.

१९ जून

ताप. पोट लाकडासारखं. सकाळी एक्स-रे काढला. आत लांबट काहीतरी, एका टोकाला वाकलेलं. पोटातून पुढे जाऊन आतड्याच्या वळणात अडकलंय आणि तिथे भोक पाडलंय. तिथे दुर्बिणीचा उपयोग नाही, पोट उघडावं लागणार.

मी पोहोचले तेव्हा तिला ऑपरेशनला घेऊन गेले होते. विल्मार बाहेर बाकावर होता, कोणीतरी त्याला फोन केला होता. मी सरळ त्याच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, आत कसं पाठवलंस? कोणाच्या हातून? तो माझ्याकडे बघतच राहिला. मी म्हटलं, लांब वस्तू आहे, तारेची, ट्रकमधलीच असणार, अजून सांग, डॉक्टरांना उपयोग होईल. तो टोपी दोन्ही हातांनी पिळत बसला.

बऱ्याच वेळाने बिदेगाइन बाहेर आले. आधी त्याला म्हणाले, जगेल. मग कापसात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यासमोर धरलं. आवाज रोजचाच. "ही तुमची असावी."

काळी, कानामागे वाकलेली.

विल्मारने बघितलं. मग माझ्या तोंडाकडे, वाकड्या चष्म्याकडे. मला वाटलं आता हा बोलेल. तो उठून पाणी आणायला गेला. आणताना दोन पेले आणले, एक माझ्यापुढे ठेवला. मला तो घेता आला नाही.

२० जून

ऑफिसात जाऊन जे झालं ते सांगितलं. झोप लागली, काडी माझी, भावावर खोटा आळ घेतला. त्यांनी मला कामावरून कमी केलं नाही, बोलावतो म्हणाले. म्हणजे कमी केल्यासारखंच.

पाट्यांवरची धातूची अक्षरंसुद्धा गिळता येतील असं वाटतं. दुकानात गेले आणि पिनांच्या कप्प्यापाशी उभी राहिले. किती वस्तू आहेत जगात.

२६ जून

फेरेइरांचा फोन. देल्मा अतिदक्षतेतून बाहेर आलीय, तुम्ही भेटायला या. मी म्हटलं, मी तिथे तोंड दाखवणार नाही. त्या म्हणाल्या, "दोन्या ओलिंदा, तिने गिळलं की माणसं धावत येतात, आणि तिने गिळलं की माणसं तिला सोडून जातात. दोन्हीत काय होतं ते तिला पाठ झालंय. तिने काहीही केलं तरी ठरलेल्या दिवशी येणारं माणूस तिला माहीत नाही."

मला यात डाव दिसला. सोबतीला फुकटात माणूस मिळवायचा. तसं म्हणालेसुद्धा. त्या म्हणाल्या, तसंच समजा, पण गुरुवारी या.

२८ जून

गेले. पोटावर पट्ट्या, नाकात नळी. ती आणखी लहान दिसत होती. तिने आधी माझ्या नवीन चष्म्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. मी खुर्ची ओढली. माफी मागायला आले होते की झडती घ्यायला, माझं मलाच कळेना. तोंडातून सवयीचाच प्रश्न आला.

"खरं सांग. विल्मार काय आणायचा?"

"बातमी."

"कसली?"

"घर तयार आहे, ही." नळीमुळे शब्द ओढून येत होते. "छप्पर झालं. रंग झाला. आईची खाट काढली. दर वेळी घर थोडं जास्त तयार. त्याने इतक्या हौसेने केलं होतं, नको कसं म्हणू?"

नळाचा स्क्रू ढिलाच होता, नखाने निघाला, हेही म्हणाली. मी विचारलं, आणि काडी? त्या दिवशी तर तो आलाच नव्हता.

तिने पट्ट्यांवर हात ठेवला. "त्या दिवशी पण बातमी आली होती," म्हणाली.

कोणी आणली ते मी विचारलं नाही. इल्दाने सोडण्याबद्दल काही सांगितलं असेल. तिच्या तोंडात काही राहत नाही.

१२ जुलै

विल्मारला संत्र्यांच्या वखारीपाशी गाठलं. ट्रक भरत होता. मी जे बोलायचं ते बोलले, सरळ, त्याच्या सोबत्यांसमोर. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, रंग फुकट गेला की नाही तेवढं सांगा. देल्मा काय म्हणाली ते मी सांगितलं. तो ट्रकच्या पायरीवर बसला. "मला वाटलं तिला आनंद होतोय," म्हणाला. "दर वेळी म्हणायची, छान झालं."

पाठ फिरवली तेव्हा त्याने हाक मारली. म्हणाला, "बाई, ट्रक बघायचा असेल तर बघून घ्या." चेष्टा होती की राग, कळलं नाही. मी बघितला नाही. जाता जाता टायरांकडे नजर गेली तेवढीच.

९ ऑगस्ट

देल्मा आता दवाखान्याजवळच्या एका घरात राहते. फेरेइरांनी मिळवून दिलं. आणखी तीन बाया, एक सांभाळणारी, सामायिक स्वयंपाक. पिवळं घर भाड्याने दिलंय. दर मंगळवारी फेरेइरांकडे जायचं, बरं असो नसो. दर गुरुवारी मी जाते. मैत्री वगैरे नाही. माझा तिच्यावर विश्वास नाही, म्हणून बघून येते. येर्बाचा, म्हणजे आमच्या कडवट पानांच्या चहाचा, थर्मास नेते, कारण त्यांच्याकडची येर्बा बेचव आहे.

२३ ऑगस्ट

तिने बटण गिळलं. काल. सांभाळणारीचा चेहरा पडला होता, मला दारातच सांगितलं. बिदेगाइननी एक्स-रे बघून घरी पाठवलं, म्हणाले जाईल आपोआप, पोट दुखलं तर लगेच या. कोणी तिला रागावलं नाही.

मी तिथूनच परतणार होते, खरं सांगायचं तर. इतकं करून पुन्हा तेच. पण गुरुवार होता.

ती तिच्या खोलीच्या दारात उभी होती. मला बघून गोंधळली. "तुम्हाला सांगितलं नाही का त्यांनी?"

"सांगितलं. पत्ते काढ."

दोन डाव खेळलो. ती हरली. फसवायचं विसरली होती.

२० सप्टेंबर

आज गुरुवार, पण मी अंथरुणात. छाती भरलीय, ताप. सकाळी त्या घरी फोन करून सांगितलं की येत नाही. शेजारीण औषध देऊन गेली.

दुपारी दार वाजलं. देल्मा. एकटी, बसने आलेली, पत्ता कोणाकडून काढला कोण जाणे. आत येऊन आधी माझ्या कपाळावर हात ठेवला. मग औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचलं. मोरीत डोकावली. खुर्चीवर पडलेला माझा कोट उचलून झटकून पाहिला.

"काय शोधतेस?"

"खरंच आजारी आहात का ते," ती म्हणाली. "लोक आजारी आहे म्हणतात आणि मग येतच नाहीत."

मला राग यायला हवा होता. माझ्याच घरात माझी झडती. मी म्हटलं, झालं का समाधान? ती म्हणाली, अजून नाही, आधी सूप करते.

स्वयंपाकघरात गेली. मला अंथरुणातून तिचं काही दिसत नव्हतं. भांड्यांचा आवाज, मग ड्रॉवर उघडला. त्या ड्रॉवरमध्ये काय नाही. सुऱ्या, काटे, बाटलीची झाकणं, तारा, दाभण, वर्षानुवर्षांचं. ड्रॉवर बराच वेळ उघडा होता. मग बंद झाला. पुन्हा उघडला. मी उठून बसले, पाय जमिनीला लावले. मग पुन्हा आडवी झाले.

सूप खारट झालं होतं. तसं सांगितलं. ती म्हणाली, पुढच्या गुरुवारी तुम्हीच करा मग. तिला काळोख व्हायच्या आत बसमध्ये बसायला लावलं.

ती गेल्यावर स्वयंपाकघरात गेले. ड्रॉवर ओढला, आत बघितलं, आणि काही न मोजता लावून टाकला. मला काय झालंय कळत नाही. ताप अजून उतरला नसावा.